मोठा, जुना पाम काढताय? या चुका टाळा

बागेतला पाम डोईजड झाला की एक सूचना हमखास पुढे येते: सध्या नुसता शेंडा उतरवू, बुंध्याचं नंतर बघू. या कामातली सगळ्यात घातक चूक हीच.

पामची वाढ एकाच ठिकाणी होते, शेंड्यातल्या कोंबात. तो कापला की एकखोडी पाम मेलाच. खाली फांद्या फुटत नाहीत, जखम भरून येत नाही. त्यातून खोडाची रचना अशी, की टणक भाग बाहेरच्या बाजूला आणि आत मऊ, पाणीदार गाभा. हा गाभा आधी कुजतो. बाहेरून बुंधा जसाच्या तसा दिसतो, पण त्याच्यावर माणसाचा किंवा दोराचा भार टाकणं जिवावर बेतू शकतं. जिवंत झाडावर चढून जे काम नीट झालं असतं, त्याच कामासाठी मग क्रेन किंवा उचलता पाळणा आणावा लागतो. खोडाला भोक पाडून रॉकेल, मीठ किंवा तणनाशक ओतणाऱ्यांचंही असंच होतं: झाड उभ्या उभ्या मरतं आणि काम अवघड होऊन बसतं. पाम काढायचा असेल तर शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सलग काढा.

त्याआधी, तो खरंच काढायला हवा का, हे बघा. खालची एक-दोन पानं पिवळी पडून लोंबली म्हणजे झाड गेलं, असं नाही. जुनी पानं अशीच गळतात. बरीच पानं पिवळी पडत असतील तर पालाशची (पोटॅशियमची) कमतरता असू शकते. शेंड्याच्या मधोमध सुईसारखं मिटलेलं नवं पान हिरवं आणि घट्ट असेल तर झाड जगतंय. ते सुकलं असेल, ओढताच हातात येत असेल आणि कुजका वास मारत असेल, तर मात्र कोंब गेला. पाया फोडेल या भीतीनेही अनेक चांगले पाम तोडले जातात. पामची मुळं बोटाएवढी असतात आणि वयाबरोबर जाड होत नाहीत, त्यामुळे ती भिंत उचलण्याची शक्यता फार कमी. या कारणासाठी झाड तोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बुंध्याशी फळीसारखी कडक बुरशी उगवली असेल तर प्रश्न वेगळा. ही बहुधा गॅनोडर्मा. ती खोडाचा खालचा मीटर-दीड मीटर भाग आतून कुजवते, त्यामुळे अशा पामवर कुणालाही चढू देऊ नका, वर पानं कितीही हिरवी असोत. नव्याने कललेल्या किंवा मुळाशी माती उचलली गेलेल्या झाडालाही हेच लागू.

पानं उतरवताना

वॉशिंग्टोनियासारख्या पंखापानांच्या पाममध्ये वाळलेली पानं गळत नाहीत, खोडाभोवती घागऱ्यासारखी साचत जातात. खालून चढत जाऊन ती कापायला लागलं की अख्खा थर एकदम सरकून कामगारावर बसतो, त्याला खोडाशी दाबून धरतो आणि श्वास कोंडतो. अशाने माणसं दगावली आहेत. या थराखाली शिरायचंच नाही; पाळण्यातून, बाजूला राहून, वरून खाली काम करायचं. खजूरवर्गातल्या पामच्या देठांवर लांब काटे असतात. त्याचं टोक सांध्यात मोडून राहिलं तर सूज लवकर उतरत नाही, डॉक्टरांना दाखवावंच लागतं. जाड हातमोजे आणि चष्मा हवाच. पानांत घरटी, वटवाघळं किंवा मधमाश्या आहेत का, तेही आधी बघा. आणि जवळून वीजतारा जात असतील तर वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय एकही पान कापू नका. ओलं पान तारेला टेकलं तर त्यातून वीज वाहते.

खोड कापताना

फांद्यांच्या झाडाला एका बाजूने खाच पाडून, मध्ये न कापलेली पट्टी ठेवून हव्या त्या दिशेला पाडतात. पामचा मऊ गाभा त्या पट्टीला तसा आधार देत नाही, ठोकलेली पाचरही त्यात रुतते. झाड दिशा बदलतं. घराजवळचा पाम अख्खा पाडण्याचा विचारच सोडा, वरून तुकडे करत या. वजनाचा अंदाजही चुकतो: ३० सेंटीमीटर व्यासाचा, मीटरभर लांबीचा ओला ओंडका ७० किलोच्या आसपास भरू शकतो. तो दोराने उतरवायचा असेल तर तुकडे आखूड ठेवा.

चेनसॉ मध्येच अडला, धूर आला, तर जोर लावू नका. पामचे तंतू साखळीच्या चाकात गुंडाळले जातात आणि त्यांतल्या सिलिकामुळे दात लवकर बोथट होतात. मशीन बंद करा, झाकण उघडून तंतू काढा, दात घासा. हे दिवसभरात अनेकदा करावं लागतं, तेवढा वेळ धरूनच निघा.

नंतर

एकखोडी पामच्या बुंध्याला औषध लावायची गरज नाही, तो फुटत नाही. अरेकासारखे झुपक्याने वाढणारे पाम मात्र जमिनीतून पुन्हा कोंब काढतात. तिथे गड्डाच खणून काढावा लागतो.

ओंडके बागेच्या कोपऱ्यात रचून ठेवणं वरवर निरुपद्रवी वाटतं, पण तसं करू नका. ताज्या कापाच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, कुजणाऱ्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि पुढे दोघेही शेजारपाजारच्या नारळांवर जातात. ओंडक्यांची लवकर विल्हेवाट लावा. खोडाला आधीच भोकं, त्यांतून बाहेर आलेला भुसा आणि आंबूस वास असेल तर ते फोडून, चुरा करून किंवा खोल पुरूनच नष्ट करा.

गॅनोडर्मा होता, तर त्या जागी पुन्हा पाम लावू नका. बुरशी मातीत टिकून राहते. खड्डा नव्या मातीने भरला तरी तिथे फांद्यांचं, वेगळ्या कुळातलं झाड लावणंच बरं.