अंदमानात तेल सापडलं हा मेसेज फॉरवर्ड करायच्या आधी एवढं बघा

जून २०२५ मधे आमच्या रावेरच्या ग्रुपवर मेसेज फिरला, अंदमानात २ लाख कोटी लिटर तेल सापडलं म्हणून. काका लगेच म्हणे आता डिझेल उतरणार, केळीच्या गाडीचं भाडं कमी होणार. मी त्या आकड्याच्या मागेच लागलो, तुम्हीपण तसंच करा.

पहिले मोबाईलमधलं कॅल्क्युलेटर उघडा. बऱ्याच बातम्यांमधे नेमका आकडा होता १,८४,४४० कोटी लिटर, आणि एक बॅरल म्हणजे १५९ लिटर, तर भागून बघा, बरोब्बर ११६० कोटी बॅरल येतात. हा आकडा तिकडे दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या तेलाचा आहे भो! मंत्री हरदीपसिंग पुरी बोलले होते की अंदमानात गयानाएवढं तेल मिळू शकतं, आणि बातमीवाल्यांनी गयानाचा साठा उचलून सरळ अंदमानच्या नावावर चढवला.

मग क्रियापद बघा. "मिळू शकतं" आणि "मिळालं" यात किती फरक आहे ते आपल्याकडे बोअर मारणाऱ्याला सांगायची गरज नाही, पानाड्याने नारळ फिरवून जागा दाखवली, दोनशे फुटावर ओली माती वर आली, म्हणून कोणी लगेच केळी लावत नाही ना, मोटर टाकून पाणी किती तास टिकतं ते बघतो. तेलाचंही तेच. सप्टेंबर २०२५ ला अंदमानच्या किनाऱ्यापासून १७ किमीवर खरंच एका विहिरीत गॅस लागला, पण गॅस, तेल नाही, आणि तो काढणं परवडेल का हे तपासायचं बाकी होतं.

उतारापण विचारा, म्हणजे त्यातलं किती तेल वर निघणार ते. जमिनीखाली जेवढं तेल असतं त्यातलं साधारण तिसरा हिस्साच वर येतं, म्हणून "साठा", म्हणजे खरंच वर काढता येईल एवढं तेल, लिहिलंय की नुसता "अंदाज" ते नीट वाचा.

आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की जागेबद्दल बातमीत एक ओळ नसते. मॅपवर ती जागा काढा. अंदमानात प्रवाळ आहे, खारफुटी आहे, लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात, तिथे तेल सांडलं तर काय होईल हे कोणी विचारलंय का ते शोधा. मे २०२४ मधे अंटार्क्टिकात ५१,१०० कोटी बॅरल सापडल्याचं असंच गाजलं, तिथे विहीर खणलेलीच नव्हती, जहाजावरून सर्वे झाला होता, आणि १९९१ च्या माद्रिद कराराने तिथे खाणकामालाच बंदी आहे.

एवढं बघून झालं की भागाकाराचा स्क्रीनशॉट त्याच ग्रुपवर टाका. मी टाकला, काकांनी स्वतः परत भागून बघितलं आणि मग मेसेज डिलीट केला.