घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय: पावसाळ्यात माशी सांभाळा, सुई त्याहून जास्त

डबकी आणि चिखल वाढला की घोडमाश्या वाढतात. त्यांचा चावा दुखतो, घोडा शेपूट झाडतो आणि अर्धवट रक्त प्यालेली माशी उडून शेजारच्या घोड्यावर बसते. संसर्गजन्य रक्तक्षयाचा (इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमिया) विषाणू असा पसरतो. तो माशीत वाढत नाही. तिच्या सोंडेला लागलेल्या रक्तात अर्धा ते चार तास टिकतो. त्यामुळे आजारी किंवा संशयित घोडा इतरांपासून किमान 200 मीटर दूर बांधा. घोडमाशी उन्हात फिरते, अंधाऱ्या तबेल्यात सहसा येत नाही, म्हणून दुपारी जनावरे आत ठेवा. ओली लीद रोज उचला.

माणसाच्या हातून होणारा प्रसार मात्र याहून घातक, कारण सुईत माशीच्या सोंडेपेक्षा कितीतरी जास्त रक्त राहते. एका घोड्याला एकच नवी सुई, एकच सिरिंज. औषधाच्या बाटलीत वापरलेली सुई पुन्हा घालू नका. दात घासायची कानस आधी साबणाने धुवा, मगच जंतुनाशकात बुडवा. रक्त चिकटलेले असेल तर जंतुनाशक आत पोचतच नाही.

विषाणू मॅक्रोफेज या संरक्षक पेशींत शिरून प्लीहा, यकृत, अस्थिमज्जेत वाढतो. तांबड्या पेशी तो स्वतः फोडत नाही. विषाणू आणि प्रतिपिंडे (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रथिने) त्यांना चिकटतात, मग शरीराची संरक्षक यंत्रणाच त्या नष्ट करते. अस्थिमज्जेतली निर्मितीही मंदावते. रक्त गोठवणारे बिंबाणू (प्लेटलेट) घटल्याने जिभेखाली बारीक रक्ताचे ठिपके दिसतात. ताप, पोटाखाली सूज, खंगणे ही इतर लक्षणे. विषाणू रूप बदलत राहतो म्हणून ताप पुन्हापुन्हा येतो, आणि तापातच रक्तात विषाणू सर्वाधिक असतो. पुढे घोडा धडधाकट दिसला तरी विषाणू जन्मभर अंगात राहतो. लस नाही, बरे करणारे औषधही नाही.

आपल्याकडे अशी लक्षणे दिसली तर आधी सर्रा (रक्तातल्या परजीवीमुळे होणारा आजार) तपासा; तो जास्त आढळतो, त्याच माश्यांनी पसरतो आणि त्यावर औषध आहे. त्यासाठी तापात असतानाच रक्ताची काचपट्टी करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. संसर्गजन्य रक्तक्षयासाठी एलायझा किंवा कॉगिन्स ही रक्तातली प्रतिपिंडे शोधणारी चाचणी लागते. प्रतिपिंडे दिसायला बहुधा 45 दिवस लागतात, कधी जास्तही. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या बाजारातून आणलेला घोडा 60 दिवस वेगळा बांधा आणि चाचणी दोनदा करा: आणताच एकदा, कळपात सोडण्याआधी एकदा. चाचणी पॉझिटिव्ह आली तर त्या घोड्याला विकू नका, हलवू नका. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच कळवा.