ब्लोअर हातात घेण्याआधी

हार्डवेअर दुरुस्तीच्या कामाला नवा मुलगा लागला की त्याच्या हाती आधी ब्लोअर देतात. सीपीयू उघड, धूळ उडव, बंद कर. मला हे काम कधीच इतकं किरकोळ वाटलं नाही. हवा मारल्याने धूळ नाहीशी होत नाही, ती जागा बदलते. कुठून सुटून कुठे जाणार, हे ट्रिगर दाबण्याआधी तुमच्या डोक्यात पक्कं असलं पाहिजे.

लॅपटॉपचंच घ्या. इचलकरंजीत यंत्रमागाच्या कारखान्यांतून आमच्याकडे लॅपटॉप येतात. तक्रार ठरलेली: गरम होतो, आवाज करतो, मध्येच बंद पडतो. मागचं झाकण काढून पंखा उचलला की हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, फिनांवर (पातळ पट्ट्यांवर), पंख्याच्या बाजूने, कापसाच्या तंतूंचा आणि धुळीचा करडा थर दिसतो, नमद्यासारखा घट्ट. चिमट्याने कडेला धरला तर बऱ्याचदा एका तुकड्यात सुटून येतो. हाच लॅपटॉप न उघडता बाहेरच्या जाळीतून हवा मारली, तर तो थर आत पंख्याच्या पात्यांत जातो आणि गिऱ्हाईक आठवड्यात परत येतं. म्हणून आधी उघडा, मोठा थर हाताने काढा, आणि उरलेल्या बारीक धुळीलाच हवा मारा. तीही आतून बाहेर.

पंखा नेहमी बोटाने किंवा लाकडी काडीने धरून ठेवा. ब्लोअरच्या झोताने तो कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा कितीतरी जास्त फिरतो आणि बेअरिंग जातं. शिवाय बाहेरून फिरवलेली मोटर जनित्र होते. पंखा बोर्डाला जोडलेला असेल तर ती वीज उलटी बोर्डात जाऊ शकते. मोकळ्या पंख्याची ती शिट्टी नव्या मुलांना आवडते, पण तो आवाज आला की हात थांबलाच पाहिजे.

प्लग काढायचा, मग पॉवर बटण काही सेकंद दाबून धरायचं. लॅपटॉप असेल तर बॅटरीचा कनेक्टरही सोडवायचा. आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, मात्र उघडू नका. २३० व्होल्ट एसीपासून आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी तयार होतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. बाहेरूनच हवा मारा.

धूळ उडवायला जो स्प्रे कॅन मिळतो त्यात हवा नसते, दाबाखाली द्रव केलेला वायू असतो. कॅन उभाच धरा आणि थोडं थोडं दाबा. तिरका केला तर द्रवच बाहेर येतो आणि बोर्डावर किंवा बोटावर बर्फ धरतो. अनेक कॅनमधला वायू ज्वलनशील असतो, तेव्हा जवळ तापलेली सोल्डरिंग आयर्न किंवा देवापुढचा दिवा नको, आणि खिडकी उघडी हवी. तो वायू हुंगणं जिवावर बेतू शकतं, त्यामुळे कॅन मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने सीपीयू साफ करून आणणारेही भेटतात. हवा दाबली की तिच्यातली वाफ टाकीत पाणी होऊन साठते, पावसाळ्यात तर जास्तच, आणि त्यात कॉम्प्रेसरचं तेलही मिसळतं. हे सगळं मदरबोर्डावर जातं. कॉम्प्रेसर वापरायचाच असेल तर टाकीतलं पाणी आधी सोडा, फिल्टर लावा, दाब कमी ठेवा. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा नियमांत साफसफाईच्या हवेला ३० पीएसआयची (पीएसआय हे दाबाचं माप) मर्यादा आहे, आणि चष्मा वापरायला सांगितलं आहे. त्या हवेने कपडे किंवा हात कधीही झटकू नका.

काही घाण हवेला दाद देत नाही. किराणा दुकानातल्या बिलिंगच्या संगणकावर अगरबत्तीच्या धुराचा चिकट, काळपट थर असतो. तिथे ब्लोअर कितीही मारला तरी धूळ तशीच राहते. मऊ ब्रश आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेऊन बसावं लागतं. लेझर प्रिंटरमध्ये सांडलेल्या टोनरला, म्हणजे छपाईच्या भुकटीला, तर हवा मारायचीच नाही, तो इतका बारीक असतो की खोलीभर पसरतो आणि श्वासात जातो. साधा व्हॅक्यूम क्लीनरही तिथे चालत नाही, टोनर त्याच्या फिल्टरमधून पार होतो.

काम गॅलरीत किंवा अंगणात करा, नाकाला मास्क लावा. झाल्यावर झाकण लावण्याआधी मशीन चालू करून पंखा ऐका, प्रोसेसरचं तापमान स्क्रीनवर पाहा, आणि आधीच्या आकड्यासोबत ते जॉबकार्डावर लिहा. पुढच्या वेळी मशीन आलं की किती दिवसांत धूळ भरली ते त्यावरून कळतं, आणि गिऱ्हाइकाला साफसफाई कधी करायची ते नेमकं सांगता येतं.