बेघरपणाच्या कारणांविषयी गावाचे मत कसे जाणून घ्यावे

समाजकार्य किंवा समाजशास्त्र शिकणारे आपल्याकडचे विद्यार्थी लघुप्रबंधासाठी ‘बेघरपणाची कारणे आणि लोकांची मते’ हा विषय घेतात, तेव्हा त्यांच्या वाचनात येणारे बहुतेक संशोधन अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा श्रीमंत देशांतले असते. मग तिथल्या प्रश्नावलीचे मराठी करून ती विदर्भातल्या दारव्हा, अचलपूर किंवा आर्वी तालुक्यातल्या एखाद्या गावात जशीच्या तशी विचारली जाते. उत्तरे मिळतात, तक्ते भरतात, पण गावाला खरोखर काय वाटते ते हाती लागत नाही. अशा पाहण्यांना मी बरीच वर्षे मार्गदर्शन करीत आलो आहे. त्या अनुभवातून, परदेशी अभ्यासातले काय घ्यावे, काय तिथेच ठेवावे आणि गावात प्रश्न कसा मांडावा, हे पुढे सांगितले आहे.

सर्वांत आधी शब्द तपासा

कारणे विचारण्यापूर्वी ‘बेघर’ म्हटल्यावर समोरच्याच्या डोळ्यांपुढे कोण उभे राहते, हे विचारलेच पाहिजे. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण यासाठी फार उपयोगाचे आहे. तिथल्या २०२१ च्या जनगणनेत १,२२,४९४ लोक बेघर मोजले गेले, आणि त्यांतले रस्त्यावर, तंबूत किंवा कामचलाऊ आडोशाला राहणारे फक्त ७,६३६ होते. सर्वांत मोठा गट, म्हणजे ४७,८९५ लोक, अतिशय दाटीवाटीच्या घरांत राहत होता आणि बाकीचे निवाऱ्यांत, वसतिगृहांत किंवा ओळखीच्यांकडे तात्पुरते टेकलेले होते. सामान्य माणसाच्या मनातला बेघर मात्र फुटपाथवर पांघरूण घेऊन पडलेला एकटा पुरुष असतो. ज्याचे चित्र मनात असते त्याचीच कारणे माणूस सांगतो, म्हणून चित्र न विचारता नोंदवलेली कारणे अर्धवट राहतात.

आपल्याकडे व्याख्येची अडचण आणखी गुंतागुंतीची आहे. भारताच्या जनगणनेत छताच्या घरात न राहता उघड्यावर, रस्त्याकडेला, पुलाखाली, फलाटावर किंवा देवळाच्या आवारात राहणाऱ्यांना बेघर म्हणतात. २०११ मध्ये अशी सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे मोजली गेली आणि त्यांतली ८ लाखांहून अधिक ग्रामीण भागातली होती. तरीही तुम्ही पारावर बसून विचारलेत की पहिले उत्तर हमखास येते, “आपल्या गावात बेघर कोनी नाई जी.” सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याच्या लेखी बेघर म्हणजे घरकुलाच्या यादीत नाव असूनही ज्याला घरकुल मिळालेले नाही, असा कुडाच्या भिंतींचा धनी. गावाबाहेर पाल ठोकून राहिलेली कुटुंबे त्याच्या हिशेबात ‘भटके’ असतात, बसस्थानकावर झोपणारी म्हातारी ‘निराधार’ असते आणि मनोरुग्ण माणूस ‘बेवारस’ असतो. काही गावांत तर ‘बेघर वस्ती’ नावाची वस्तीच असते, आणि तिथे राहणाऱ्यांना घरे असतात. म्हणून प्रश्नावलीत ‘बेघर’ हा एकच शब्द न वापरता यांतल्या प्रत्येक परिस्थितीचे साधे वर्णन करा आणि ‘या माणसाला तुम्ही बेघर म्हणाल का?’ असे आधी विचारा. ही दहा मिनिटे वाचवायचा मोह टाळा. माझ्या मते पाहणीचे अर्धे मोल याच उत्तरांत असते.

कारणांचे तीन कप्पे, आणि त्यांच्या मर्यादा

जो फेगिन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६९ साली तिथल्या हजारभर प्रौढांना गरिबीची कारणे विचारली आणि उत्तरांचे तीन प्रकार केले. माणसाचा स्वतःचा दोष, म्हणजे आळस, व्यसन, उधळेपणा, हा पहिला. समाजाची रचना, म्हणजे कमी मजुरी, कामाचा तुटवडा, भेदभाव, हा दुसरा. नशीब, आजारपण, अपघात हा तिसरा. त्या वेळी अमेरिकी लोकांचा कल पहिल्या प्रकाराकडे अधिक दिसला. गरिबी आणि बेघरपणाविषयीची लोकमते मोजणारे पुढचे अनेक अभ्यास हीच विभागणी थोड्याफार फरकाने वापरतात, आणि तुम्हीही ती वापरावी, कारण त्यामुळे दोन देशांची तुलना शक्य होते.

मात्र कप्पे आधी आखून त्यांत उत्तरे कोंबू नका. कोरडवाहू कापूस आणि सोयाबीन पिकवणारा शेतकरी ‘नशीब’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुतेक वेळा पाऊस असतो, पावसामागे सिंचन नसलेले शेत, शेतामागे कर्ज, आणि कर्जासाठी विकलेली जमीन असते. ही साखळी अमेरिकी विभागणीत नशिबाच्या कप्प्यात टाकायची की रचनेच्या, हे त्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय ठरवता येत नाही. ‘नशीब म्हणजे काय झालं, काकाजी?’ एवढा एक पुढचा प्रश्न पुरतो. उत्तर त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत लिहून घ्या आणि वर्गवारी घरी आल्यावर दोघांनी वेगवेगळी करा. दोघांचे जिथे जुळत नाही ती उत्तरे पुन्हा वाचा.

आणखी एक गोष्ट: ‘सर्वांत महत्त्वाचे एकच कारण निवडा’ असा प्रश्न टाळा. एकच माणूस एकाच वेळी व्यसनालाही दोष देतो आणि परवडत नसलेल्या घरभाड्यालाही, हे पाश्चात्त्य पाहण्यांत दिसलेले आहे, आणि आपल्या गावांतही तसेच आहे. प्रत्येक कारणाला किती वजन द्याल, हे स्वतंत्रपणे विचारा. वजनासाठी ज्वारीचे दहा दाणे दिले आणि ते कारणांच्या कागदांवर वाटून ठेवायला सांगितले, तर लिहिता न येणाऱ्या मावशीही नेमके उत्तर देतात.

विचारावे कसे

सुरुवातीच्या एका पाहणीत आमच्या प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न ‘दारूमुळे लोक बेघर होतात असे आपल्याला वाटते का?’ असा होता. जवळजवळ प्रत्येक घरातून होकार आला आणि त्यानंतरच्या सगळ्या उत्तरांवर दारूच पसरली. कमी मजुरीविषयी विचारले तरी लोक दारूकडेच वळत होते. ती चूक प्रश्नावली तपासणाऱ्या माझी होती, आणि त्या गावाविषयी आम्ही लिहिलेला निष्कर्ष आजही मला सलतो. तेव्हापासून पहिला प्रश्न नेहमी मोकळा ठेवतो: ‘एखाद्या माणसाला राहायला घर उरत नाही, असं कशामुळं होत असेल?’ एवढेच विचारून थांबावे. शांतता लांबली तरी आपण पर्याय सुचवू नयेत.

त्यानंतर गोष्टीचा प्रयोग करा. अमेरिकेत शांतो अय्यंगार या राज्यशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात दूरचित्रवाणीच्या बातम्यांवर प्रयोग केले. गरिबीची बातमी एका कुटुंबाची कहाणी म्हणून पाहणारे प्रेक्षक त्या कुटुंबालाच अधिक जबाबदार धरत, आणि तीच बातमी देशातल्या परिस्थितीचे वर्णन म्हणून पाहणारे प्रेक्षक सरकारकडे आणि समाजाकडे बोट दाखवत. हा प्रयोग गावात सहज करता येतो. अर्ध्या घरांत सांगा, ‘एक माणूस गाव सोडून अमरावतीला गेला, खोलीचं भाडं थकलं आणि आता बडनेऱ्याच्या स्टेशनवर झोपतो.’ उरलेल्या अर्ध्या घरांत सांगा, ‘शहरात खोल्यांची भाडी वाढली, मजुरी तेवढी वाढली नाही, त्यामुळं गावातून गेलेल्या काही लोकांना स्टेशनवर झोपावं लागतं.’ कोणत्या घरी कोणती गोष्ट सांगायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, ओळखीवर किंवा आळीवर सोडू नका. मग दोन्हीकडे एकच प्रश्न विचारा: ‘असं कशामुळं झालं असेल?’

तिसरा टप्पा अंतराचा आहे. ‘शहरातला अनोळखी माणूस’, ‘आपल्या गावचा माणूस’ आणि ‘तुमच्या नात्यातला माणूस’ या तिघांविषयी तोच प्रश्न क्रमाने विचारला की कारणे सरकताना दिसतात. अनोळखी माणसाविषयी “थो दारू पेते” म्हणणारे भाऊ चुलतभावाविषयी बोलताना बायकोचे आजारपण, दवाखान्याचा खर्च आणि सावकार सांगू लागतात. दुसऱ्याचे वागणे समजावताना त्याच्या स्वभावाला अवाजवी महत्त्व आणि परिस्थितीला कमी महत्त्व देण्याच्या या सवयीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये नाव दिले, आणि ती श्रीमंत देशांतही आढळते. उत्तर देणाऱ्याला ही विसंगती तोंडावर दाखवू नका. नोंद करा आणि पुढे जा.

दया आणि कारण हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. आपल्या भागावर अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांचा खोल ठसा आहे. त्यांनी पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा उभारल्या, आणि त्यांच्या दशसूत्रीत ‘बेघरांना आसरा’ ही गोष्ट आहे. त्यामुळे ‘आसरा द्यावा का?’ या प्रश्नाला गाव मनापासून होय म्हणते, आणि तेच गाव कारण विचारल्यावर त्या माणसालाच दोष देते. आसरा द्यायला तयार असलेला माणूस कारणांविषयीही उदार असेल, असे गृहीत धरून एकाच प्रश्नात दोन्ही गुंतवू नका.

कधी जावे, कोणाकडे जावे

सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी चालू असताना गावात फक्त म्हातारे भेटतात. वेचणी संपल्यावर जा, आणि उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी. पारावरची मते ही पुरुषांची, आणि त्यांतही काही घरांची मते असतात, म्हणून प्रत्येक वस्तीत घरोघरी जाणे भाग आहे. पहिल्या वाक्यातच सांगा की ही घरकुलाची पाहणी नाही आणि हिच्यातून कोणालाही लाभ मिळणार नाही किंवा कोणाचे नाव कटणार नाही. हे न सांगितल्यास लोक मत देत नाहीत, अर्ज देतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. ग्रामसभेच्या दिवशी तर जाऊच नका.

स्वतः बेघर असलेल्यांकडे शेवटी जा, पण जा. फोटो काढू नका, नाव लिहू नका, आणि नको म्हटले तर परत फिरा.

लोकांचे मत वस्तुस्थितीशी ताडून पाहणे

लोकमताचा अभ्यास म्हणजे लोक चूक की बरोबर याचा निवाडा नव्हे, तरी मत आणि वस्तुस्थिती शेजारी ठेवल्याशिवाय मताचा अर्थ लागत नाही. कॅलिफोर्नियात बेघर लोक बाहेरून येतात ही समजूत पसरलेली आहे. तिथल्या विद्यापीठाने सुमारे ३,२०० बेघर प्रौढांशी बोलून २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहापैकी नऊ जणांचे शेवटचे घर कॅलिफोर्नियातच सुटले होते, आणि घर सुटण्याआधीच्या सहा महिन्यांत त्यांच्या घरातले मध्यक मासिक उत्पन्न ९६० डॉलर होते, म्हणजे निम्म्यांचे त्याहूनही कमी. आपल्या गावातही पालावरच्या लोकांना ‘बाहेरचे’ म्हणतात. तेव्हा ते किती वर्षांपासून याच शिवारात येतात, मुले कुठे जन्मली, मतदान कुठे करतात, हे त्यांना विचारा. पारधी बेड्याविषयी, म्हणजे पारध्यांच्या वस्तीविषयी, जी कारणे सांगितली जातात ती नोंदवताना लक्षात ठेवा की १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते आणि तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावरून पुसला गेला. लोकांच्या तोंडी आज असलेली काही ‘कारणे’ त्या कायद्याचीच भाषा आहेत.

सर्वांत अवघड भाग विश्लेषणाचा आहे, कारण इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. वैशाखात विहिरीचे पाणी खोल जाते, तेव्हा ज्याचा दोर आखूड त्याची बादली कोरडी वर येते. कोणाची बादली कोरडी आली, याचे उत्तर दोराच्या लांबीत आहे, पण गावात किती बादल्या कोरड्या आल्या, याचे उत्तर पाण्याच्या पातळीत आहे. व्यसन, मानसिक आजार, तुटलेले नाते हे आखूड दोर आहेत आणि परवडणाऱ्या घरांचा साठा ही पाण्याची पातळी आहे. अमेरिकेतले वेस्ट व्हर्जिनिया हे राज्य अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंच्या प्रमाणात वर्षानुवर्षे अग्रभागी राहिले, तरी तिथे बेघरपणाचे प्रमाण कॅलिफोर्नियाहून खूप कमी आहे, आणि गरिबी अधिक असूनही डेट्रॉईटमधले बेघरपण महागड्या सिएटलपेक्षा कमी आहे. फिनलंडने २००८ पासून, व्यसन सुटण्याची अट न घालता, आधी घर देण्याचे राष्ट्रीय धोरण राबवले, आणि तिथल्या बेघरांची संख्या २०२२ पर्यंत चार हजारांच्या खाली आली. म्हणून तुमच्या तक्त्यात प्रत्येक उत्तरापुढे आणखी एक रकाना ठेवा: हे उत्तर ‘हाच माणूस का’ याचे आहे, की ‘इतकी माणसे का’ याचे? बहुतेक लोक दुसरा प्रश्न ऐकूनही पहिल्याचेच उत्तर देतात, आणि माझ्या दृष्टीने या संपूर्ण विषयातली सर्वांत मोलाची नोंद तीच आहे.

आपल्याकडे पाण्याची पातळी म्हणजे घरभाडे नसून बहुधा जागा असते. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण सपाट भागातल्या घरासाठी १,२०,००० रुपये ठरवले गेले, पण ते हप्त्याहप्त्याने मिळणार आणि बांधायला पायाखाली स्वतःची जागा हवी. ‘घरकुल मिळालं तरी बांधलं नाही, आळशी आहे’ असे उत्तर आले की ग्रामपंचायतीत नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंदवही, पाहा, जागा कोणाच्या नावावर आहे, गावठाणात आहे की अतिक्रमणात, हे तपासा आणि त्या उत्तराशेजारी लिहा. उत्तर खोडू नका.

शेवटी निष्कर्ष त्याच गावात वाचून दाखवा, वस्तीचे किंवा आडनावाचे नाव न घेता. वाचनाच्या वेळी लोक हरकती घेतील, “असं कोणी म्हटलं नाई” असेही म्हणतील. त्या हरकती तारखेसह वहीच्या मागच्या पानांवर लिहून घ्या आणि प्रबंधाला जोडा.