कोयनेच्या पावसात झुडपी बेडूक टिपताना

कोयनानगर, हेळवाक या बाजूला पावसाची झड लागली, की अंधार पडताच करवंदाच्या जाळ्यांतून झुडपी बेडकांची ओरड सुरू होते. हा बेडूक जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा असतो; आवाज मात्र त्या देहाला मुळीच न शोभणारा. नवखा छायाचित्रकार आवाजाच्या रोखाने धावतो, बेडूक गप्प होतो, मग तो पुढच्या जाळीकडे वळतो, तिथेही तेच घडते आणि अशाने रात्र सरते. म्हणून कॅमेरा पिशवीतून काढण्याआधी जागा ठरवावी आणि ती दोन पावलांत मावेल एवढीच असावी. कोयना अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, पण या कामासाठी तिथे जाण्याची गरजही नसते. ओळखीच्या माणसाचे परसू किंवा पाणंदीच्या कडेचे कुंपण पुरेसे असते.

जागेवर दिवसाउजेडी एकदा जाऊन यावे. बसायला खताचे रिकामे पोते, डोक्यावर खोळ आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट घ्यावेत. जळवांसाठी गावाकडे तंबाखूचे पाणी लावतात; ते बुटांना खुशाल लावावे, पण त्याच हाताने बेडकाला किंवा त्याच्या पानाला स्पर्श करू नये, कारण बेडकाची ओली त्वचा असले पदार्थ सहज शोषून घेते. जाळीत हात घालण्याआधी विजेरीने नीट पाहावे. चापडा हा हिरवा विषारी साप पावसाळी रात्री याच फांद्यांवर, बहुधा याच बेडकांसाठी, तासन्‌तास निश्चल बसलेला असतो आणि बसण्याच्या कलेत तो आपल्याला कधीही हरवील.

बसल्यावर विजेरी विझवावी. आपल्या चाहुलीने जवळचे बेडूक गप्प होतात, दूरचे ओरडत राहतात. पाच-दहा मिनिटांनी ती ओरड जवळ सरकत आल्यासारखी वाटते आणि अखेर हाताच्या अंतरावरचा बेडूक एखादा टकटक आवाज काढून अंदाज घेतो. इथेच बहुतेकांची घाई होते. त्याला निदान वीस-पंचवीस वेळा ओरडू द्यावे, मग मंद उजेड त्याच्यावर न टाकता शेजारच्या पानावर टाकावा आणि हळूहळू सरकवत आणावा. घशाखालचा फुगा भरला की तो पातळ, जवळजवळ पारदर्शक दिसतो. आवाजासरशी सारे अंग हलते आणि पानाच्या टोकाला लोंबणारा थेंब थरथरतो. ही लय कानात बसली, की फुगा केव्हा भरणार हे आधीच कळू लागते. बटण आवाज ऐकून दाबले तर उशीर झालेला असतो.

मॅक्रो लेन्सने, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या भिंगाने, प्राणी सेन्सरवर (कॅमेऱ्यातील चित्र टिपणाऱ्या पट्टीवर) प्रत्यक्ष आकाराएवढा उमटत असेल, तर लेन्सचे छिद्र एफ ११ इतके लहान ठेवूनही स्पष्ट दिसणारी खोली सुमारे एक मिलिमीटरच मिळते; डोळा साधला तर नाकपुडी धूसर होते. त्यामुळे ऑटोफोकस बंद करावा, फोकस एका जागी ठेवावा, कोपर गुडघ्यावर टेकवावे आणि धड केसभर पुढे-मागे करत डोळ्यातील चमक टोकदार दिसण्याची वाट पाहावी. शटर १/२०० सेकंद ठेवून फ्लॅशवर बटर पेपरची दुहेरी घडी लावली, तर ओल्या कातडीवरचे पांढरे डाग बरेच कमी होतात. बेडकापेक्षा उंचावरून काढलेले छायाचित्र माझ्या मते नोंदीपुरतेच असते. त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यायला चिखलात आडवे व्हावे लागले, तर व्हावे.

कासच्या पठारावर हाच संयम वेगळ्या तऱ्हेने लागतो. तिथल्या दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या चिकट केसांवर चिलट अडकले, की ते केस सावकाश त्याच्याकडे वळतात, म्हणून चौकट न हलवता दर दहा मिनिटांनी एक छायाचित्र घ्यावे. मात्र पायवाट सोडून फुलांत उतरू नये. कडेला जेवढे दिसेल तेवढेच आपले.

घरी आल्यावर लेन्स पुसून सिलिका जेलसह, म्हणजे ओल शोषणाऱ्या खड्यांसह, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. एका पावसाळ्यात मी ती ओल्या पिशवीसकट लोखंडी कपाटात ठेवली आणि पोळ्यापर्यंत आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली.

दोन-तीन फ्लॅशनंतर बेडूक दहा मिनिटे गप्प राहिला, तर आवरते घ्यावे, कारण नराच्या हाकेवरच मादी येते आणि पावसाळ्याच्या रात्री मोजक्याच असतात. आणखी एक म्हणजे या बेडकांना पाण्यात पोहणारी डिंभावस्था, म्हणजे शेपटीच्या पिल्लाची अवस्था, नसते. अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर पडतो. ती अंडी पाण्यात नव्हे, तर पालापाचोळ्यात, मातीत किंवा पानांवर घातलेली असतात. त्यामुळे चांगली चौकट मिळावी म्हणून पाने उलटू नयेत, फांद्या वाकवू नयेत आणि उठताना पोते हळूच, सरळ वर उचलावे.