आधी स्टोअरकीपरला गाठा

भौतिकशास्त्रात पीएचडी होत आली की मुलांचे मला फोन येतात : "मॅडम, तुमच्या लाईनमध्ये यायचं तर काय करावं?" माझी लाईन म्हणजे कंपन्यांसाठी कॉम्प्लेक्सिटी मॉडेलिंग. माल, माणसं, मशिनं यांचा गुंता कॉम्प्युटरवर उभा करायचा आणि गाठ कुठे बसलीय ते शोधायचं. दर वेळी तेच सांगते, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

या नावाची जाहिरात शोधत बसू नका. नोकऱ्या ऑपरेशन्स रिसर्च, सिम्युलेशन, सप्लाय चेन अ‍ॅनालिटिक्स अशा पाट्यांखाली असतात.

सुरुवात नेटलोगोपासून करा. उरी विलेन्स्की यांनी १९९९ साली आणलेलं, अशी मॉडेलं उभी करायचं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंगचं १९७१चं, दोन गटांच्या मिश्र वस्तीचं मॉडेल त्यात स्वतः लिहा, तयार उघडू नका. शेजाऱ्यांपैकी तिसरा हिस्सा आपल्यासारखा असला तरी पुरे, इतका सौम्य नियम. आणि वस्ती डोळ्यांदेखत दोन गटांत फाटत जाते. ते बघून अंगावर काटा आला नाही, तर दुसरी लाईन बघा. आला तर पायथनमधली अशा मॉडेलांची मेसा ही लायब्ररी शिका.

मग साउथवेस्ट एअरलाइन्स या अमेरिकी विमान कंपनीचं उदाहरण वाचा. जीवशास्त्रज्ञ स्टुअर्ट कॉफमन यांनी १९९६ साली अर्न्स्ट अँड यंग या सल्लागार कंपनीबरोबर अमेरिकेत सांता फे इथे बायोस ग्रुप ही कंपनी काढली होती. साउथवेस्टच्या मालवाहतुकीचं काम त्यांनी केलं. माल चढवणाऱ्यांचा नियम साधा : मुक्कामाच्या दिशेनं जाणारं पहिलं विमान गाठायचं. ऐकायला बरोबर, पण त्यानं नुसती चढउतार वाढत होती. मुंग्यांच्या वागण्यावर बेतलेल्या मॉडेलनं दाखवलं की विमान आधी उलट दिशेला जाणार असलं तरी कधी कधी माल आतच राहू द्यावा. सर्वांत गजबजलेल्या तळांवर मालाची अदलाबदल ८० टक्क्यांपर्यंत घटली. यातलं गणित नंतर शिकता येईल. आधी तो नियम कुणाच्या तोंडून कळला असेल, याचा विचार करा.

कारण आमच्या धंद्यात नियम विचारून कळत नाही. चाकणला एका कंपनीच्या सुट्या भागांच्या डेपोत माझं काम होतं. मागणी जवळपास स्थिर, तरी इंडेंट, म्हणजे डेपोनं वरून माल मागवायचा कागद, कधी दुप्पट, कधी शून्य. मॅनेजरनी एसओपीची, म्हणजे कामाच्या ठरलेल्या पद्धतीची, जाड फाईल दिली. मी तीन दिवस स्टोअरच्या दारात खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी स्टोअरकीपर काका म्हणाले, "वीस मागितले की बारा येतात. म्हणून तीस मागतो." फाईलभर शोधून सापडलं नसतं, ते तेवढ्यात मिळालं. प्रत्येक डेपो असा फुगवून मागत होता. वरच्यांना वाटायचं मागणी वाढली. मग एकदम सगळा माल यायचा आणि पुढचे इंडेंट बंद! मॉडेलमधल्या प्रत्येक डेपोला काकांचा नियम दिला, 'मागच्या वेळी जितकं कमी आलं तितकं जास्त माग', आणि कंपनीचा वेडावाकडा आलेख जवळपास तसाच निघाला.

जवळपास. इथे माझी फजितीही सांगते. मी एकच रन काढून, म्हणजे मॉडेल एकदाच चालवून, मीटिंगला गेले. मॅनेजर म्हणाले, "परत चालवा बघू." सुरुवातीचा यादृच्छिक आकडा बदलला आणि आलेखाचं शिखर दोन महिने सरकलं. तेव्हापासून निदान ५०० रन काढते आणि एका रेषेऐवजी पट्टा दाखवते. तुम्हीही तसंच करा. मॉडेल गेल्या वर्षाच्या आकड्यांवर बसवलं असेल, तर तपासायला त्याआधीचं वर्ष राखून ठेवा.

मीटिंगमध्ये 'इमर्जन्स' (साध्या नियमांतून आपोआप उभा राहणारा मोठा परिणाम) हा शब्द काढू नका. स्लाईडवर समीकरण नको. "मालाचं वाटप गेल्या तीन महिन्यांच्या खऱ्या खपावर करा, इंडेंटवर नको," इतकं ठोस बोला, नाहीतर चहा-बिस्किटं होऊन विषय संपतो.

आणि वरिष्ठांना दाखवण्याआधी मॉडेल स्टोअरमध्ये न्या. काकांनी स्क्रीनवर ठिपके पळताना दोन मिनिटं पाहिले आणि बोट ठेवलं, "ही गाडी शनिवारी कशी काय आली? शनिवारी येतच नाही." मी लॅपटॉप तिथेच खोक्यावर ठेवून कोड उघडला.