ट्यूलिपचे कांदे आधी फ्रीजमध्ये, मग कुंडीत

बेळगावची थंडी आपल्याला बोचते, ट्यूलिपला मात्र ती पुरत नाही. कांदा तसाच लावला तर नुसती पानं येतात.

१. सप्टेंबरअखेर कांदे कागदी पिशवीत घालून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात (४ ते ७ अंश) १२ ते १४ आठवडे ठेवा. फ्रीजर नको. शेजारी सफरचंद, केळी, चिकू तर नकोतच: पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते.

२. बाहेर काढल्या दिवशीच लावा, शेंडा वर, १० ते १५ सें.मी. खोल. दोन भाग खानापूरकडची तांबडी माती, एक भाग वाळू, एक भाग जुनं शेणखत. काळ्या मातीत कांदा सडतो.

३. सकाळचं ऊन, दुपारी सावली. वरची माती सुकल्यावरच पाणी.

पिशवीवर नाव लिहाच; हा कांदा चुकून फोडणीत गेला तर पोटाला बाधतो.